पक्षिनिरीक्षण आणि वन्यजीव-छायाचित्रण : शस्त्रत्यागापासून विवेकापर्यंत

पक्षिनिरीक्षण हा आज एक सुसंस्कृत छंद मानला जातो. सुटीच्या दिवशी पहाटे गळ्यात दुर्बीण अडकवून पाणवठ्याकडे निघालेले तरुण, निवृत्तीनंतर कॅमेरा हाती घेतलेले ज्येष्ठ, सहलीत पक्ष्यांची नावे वहीत टिपून घेणारी शाळकरी मुले, हे दृश्य महाराष्ट्रातील लहानमोठ्या गावांत आता नवे राहिलेले नाही. जैन कुटुंबांतूनही या छंदाची ओढ वाढत आहे आणि ते स्वाभाविकच होय. पाणी गाळून पिण्याचा आणि पाऊल पाहून टाकण्याचा संस्कार ज्या घरांत लहानपणापासून होतो, त्या घरांतील मुलांना जिवंत पाखरू न्याहाळण्यात आनंद वाटावा यात नवल नाही.

तथापि हा छंद जन्मतः अहिंसक नव्हता. त्याच्या हातात आरंभी बंदूक होती, मग दुर्बीण आली, नंतर कॅमेरा आला. प्रत्येक टप्प्यावर काही विवेकी माणसांनी स्वतःला प्रश्न विचारले, म्हणूनच हा पालट घडून आला. शस्त्र हातातून गेले. पण शस्त्राबरोबर शिकारही संपली काय, हा प्रश्न मात्र आजही शिल्लक आहे. त्या दृष्टीने या इतिहासाचा मागोवा घेणे उद्बोधक ठरेल.

दर्शनाची जुनी परंपरा

पशुपक्ष्यांना न मारता त्यांचे ज्ञान मिळवण्याची परंपरा भारताला अपरिचित नव्हती. तेराव्या शतकात हंसदेव नामक जैन विद्वानाने ‘मृगपक्षिशास्त्र’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात पशूंचे व पक्ष्यांचे प्रकार, त्यांची रूपे, स्वभाव व वयोमान यांचे वर्णन आढळते. ज्येष्ठ वनाधिकारी व अरण्यलेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी हा ग्रंथ मराठीत आणून मोठेच कार्य केले. आधुनिक शास्त्राच्या कसोटीवर त्यातील सर्वच विधाने टिकतील असे नाही. परंतु प्राणी हा जाणून घेण्याचा विषय आहे, केवळ भक्ष्य नव्हे, ही त्या ग्रंथामागील दृष्टी मोलाची आहे.

दिगंबर मुनींच्या हातातील मयूरपिच्छी हे याच दृष्टीचे दुसरे उदाहरण होय. वर्षाऋतू सरता सरता मोराची पिसे आपोआप गळतात. अशी गळालेली पिसे गोळा करून पिच्छी बांधली जाते आणि चातुर्मासानंतर पिच्छी-परिवर्तनाचा सोहळा होतो. पक्ष्याने स्वतः टाकलेले तेवढेच घ्यायचे, आणि त्याचाही उपयोग सूक्ष्म जीवांना इजा न होता बाजूला सारण्यासाठी करायचा, असा हा नियम आहे. हा नियम ध्यानात ठेवला म्हणजे एकोणिसाव्या शतकात जगभर जे घडले त्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

बंदुकीच्या आधारे पक्षिशास्त्र

त्या शतकातील पक्षिशास्त्र बंदुकीच्या आधारे उभे राहिले. अमेरिकेतील विख्यात चित्रकार जॉन जेम्स ऑड्युबन याची ४३५ चित्रे १८२७ ते १८३८ या काळात प्रसिद्ध झाली. ती चित्रे आजही अप्रतिम मानली जातात. परंतु त्यांतील पक्षी आधी गोळीने टिपलेले आणि मग तारांच्या आधाराने जिवंत असल्यासारखे उभे केलेले होते. पुढे पक्षिरक्षणासाठी स्थापन झालेल्या संस्थांनी याच चित्रकाराचे नाव धारण केले, हा इतिहासातील एक विलक्षण विरोधाभास म्हणावा लागेल.

भारतात या काळातील अग्रणी नाव ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे होय. १८८५ साली राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम सर्वांना ठाऊक आहेत; परंतु ते आपल्या काळातील भारतीय पक्ष्यांचे सर्वांत मोठे अभ्यासक होते, हे फारसे कोणास ठाऊक नसते. सिमला येथील निवासस्थानी त्यांनी पक्ष्यांची कातडी व अंडी यांचा प्रचंड संग्रह केला होता. भारतीय पक्ष्यांवरील बृहद्ग्रंथाची त्यांची हस्तलिखिते नोकराने रद्दी म्हणून विकून टाकली. त्या आघातानंतर त्यांनी संग्रहाचा नाद सोडला आणि १८८५ मध्ये पाऊण लाखाहून अधिक नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले. थिऑसॉफीच्या प्रभावाने त्यांनी शाकाहार स्वीकारला व नमुन्यांसाठी पक्षी मारणेही थांबवले. हजारो पक्षी जमवणाऱ्या माणसाच्या आयुष्यातील हा पालट लक्षणीय आहे.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली. तिच्या आठ संस्थापकांत प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन असे दोन भारतीय होते. याच संस्थेच्या दारात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एक शाळकरी मुलगा मेलेली चिमणी घेऊन आला. छर्‍याच्या बंदुकीने त्याने ती पाडली होती. पण तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून त्याला कुतूहल वाटले होते. तो मुलगा म्हणजे डॉ. सालिम अली. संस्थेचे सचिव मिलर्ड यांनी त्याला तो पक्षी कोणता ते सांगितले, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि भारतीय पक्षिशास्त्राला त्याचा अध्वर्यू मिळाला. सालिम अली यांनीही पुढे संशोधनासाठी नमुने गोळा केले आणि ते कधी लपवले नाही. पण केवळ पाहण्यातून केवढे ज्ञान मिळू शकते हेही त्यांनीच दाखवून दिले. १९३० साली अलिबागजवळील किहीम येथे कापडी आडोशात बसून त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या विणीचे निरीक्षण केले. नर अर्धवट घरटे बांधतो, मादी ते पारखून पसंत करते, आणि ती अंड्यांवर बसली की नर दुसऱ्या घरट्याच्या कामाला लागतो, हा क्रम त्यांनी उलगडला. मेलेल्या पक्ष्याच्या कातडीतून तो कधीच उलगडला नसता.

त्या काळच्या अभ्यासकांना सरसकट क्रूर ठरवणे अन्यायाचे होईल. उत्तम दुर्बिणी तेव्हा उपलब्ध नव्हत्या आणि दूरवरच्या पक्ष्याची ओळख पटवण्याचे दुसरे खात्रीचे साधन नव्हते. शिवाय जुन्या संग्रहांचा पुढे उपयोगही झाला. इंग्लंडमध्ये बहिरी ससाण्याच्या जुन्या व नव्या अंड्यांच्या कवचांची तुलना करून १९६७ साली डेरेक रॅटक्लिफ यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर ती कवचे पातळ झाल्याचे सिद्ध केले. डीडीटीसारख्या कीटकनाशकांचा धोका त्यामुळे जगापुढे आला. मात्र ज्ञानाच्या नावाखाली कपाटे भरण्याची हावही वाढत गेली, हेही तितकेच खरे. संग्रह कोठे थांबतो आणि परिग्रह कोठे सुरू होतो, ही रेषा पुष्कळांना दिसली नाही.

पिसांचा व्यापार आणि जनमताची जागृती

हिंसेचे दुसरे क्षेत्र होते शोभेचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत स्त्रियांच्या टोप्यांवर पिसे लावण्याची फॅशन बोकाळली. बगळ्याच्या पाठीवरील तलम तुऱ्यांना सोन्याचा भाव आला. हे तुरे फक्त विणीच्या हंगामात येतात. त्यामुळे शिकारी नेमके त्याच वेळी वसाहतींवर तुटून पडत. आईबाप मारले जात आणि घरट्यांतील पिले उपाशी मरत.

या प्रथेविरुद्ध प्रथम उभ्या राहिल्या त्या स्त्रियाच. इंग्लंडमध्ये १८८९ साली एमिली विल्यमसन यांनी पक्षिरक्षणासाठी संस्था सुरू केली. तिचीच पुढे ‘रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्‌स’ झाली. अमेरिकेत १८९६ मध्ये हॅरिएट हेमेनवे व मिना हॉल यांनी बोस्टनमधील प्रतिष्ठित स्त्रियांना पिसांच्या टोप्या न घालण्याचे आवाहन केले. भारतातून होणारी पक्ष्यांच्या पिसांची निर्यात १९०२ साली सरकारने बंद केली, तर ब्रिटनने १९२१ मध्ये पिसांच्या आयातीवर कायद्याने बंदी घातली. ग्राहकाने नकार दिला की शिकाऱ्याचा हात थांबतो, हा या चळवळीचा धडा होता. बंदूक न धरणाराही हिंसेत भागीदार असू शकतो, हे त्या स्त्रियांनी ओळखले होते.

दुर्बिणीचे आगमन

याच सुमारास पक्षी पाहण्याच्या रीतीतही बदल होऊ लागला. १८८९ मध्ये फ्लॉरेन्स मेरियम या अमेरिकन लेखिकेने नाट्यगृहात वापरल्या जाणाऱ्या लहान दुर्बिणीतून पक्षी कसे ओळखावेत, यावर पुस्तक लिहिले. १८९४ मध्ये जर्मनीतील झाइस कंपनीने लोलकांच्या सुधारित दुर्बिणी बाजारात आणल्या आणि दूरचा पक्षी स्पष्ट दिसू लागला. १९०० च्या नाताळात अमेरिकेत फ्रँक चॅपमन यांनी एक अभिनव कल्पना मांडली. त्या दिवशी गटागटाने बाहेर पडून जास्तीत जास्त पशुपक्षी मारण्याची चढाओढ करण्याची तेथे प्रथा होती. चॅपमन यांनी सुचवले की, पक्षी मारण्याऐवजी मोजावेत. पहिल्या वर्षी अवघे २७ जण त्यात सामील झाले. पुढे ती गणना जगातील सर्वांत दीर्घकाळ चाललेल्या पक्षिगणनांपैकी एक ठरली.

१९०१ मध्ये इंग्लंडच्या एडमंड सेलस यांनी पक्षिनिरीक्षणावर ग्रंथ लिहिला. त्यांचे बंधू फ्रेडरिक सेलस हे आफ्रिकेतील नामांकित शिकारी, तर एडमंड हे बंदूक टाकून दिलेले अभ्यासक. मारण्याची सवय सुटली की पाहण्याची गोडी कळते आणि पाहिल्याने मिळणारे ज्ञान मारून मिळणाऱ्या ज्ञानाहून श्रेष्ठ असते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. एकाच घरातील दोन भावांनी निवडलेले हे दोन मार्ग त्या काळाच्या संधिकालाचे प्रतीकच होत.

कॅमेऱ्याचा उदय

दुर्बिणीच्या पाठोपाठ कॅमेरा आला. रिचर्ड आणि चेरी या कीर्टन बंधूंनी १८९२ मध्ये इंग्लंडमध्ये अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले आणि १८९५ मध्ये केवळ छायाचित्रांनी सजवलेले पक्ष्यांच्या घरट्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. पक्ष्यांना संशय येऊ नये म्हणून त्यांनी नाना युक्त्या योजल्या. १९०० साली तर त्यांनी बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल तयार केला व त्याच्या पोटात बसून छायाचित्रे घेतली. जिवंत पक्ष्याला धक्का न लावण्याची त्यांची तळमळ खरी होती, पण त्यासाठी वापरलेले कातडे मात्र मृत बैलाचे होते. साधनाचा विचार किती दूरवर करावा लागतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

भारतात या क्षेत्राचा पाया एफ. डब्ल्यू. चँपियन यांनी घातला. संयुक्त प्रांतातील हे वनाधिकारी शिकारीला विटलेले होते. जंगलवाटेवर तार बांधून, वाघाचा पाय तारेला लागताच प्रकाश पडून चित्र निघावे, अशी योजना त्यांनी केली आणि १९२७ मध्ये व्याघ्रभूमीतील कॅमेऱ्याच्या अनुभवांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. नरभक्षक वाघांचे शिकारी म्हणून गाजलेले जिम कॉर्बेट हेही त्यांच्या प्रेरणेने कॅमेऱ्याकडे वळले. वाघाची शिकार एकदाच होते व तिचा मानकरी एकच असतो; वाघाच्या चित्राचा आनंद मात्र असंख्यांना मिळतो आणि वाघही जिवंत राहतो, हा विचार या काळात रुजला.

तरीही कॅमेरा हे सर्वथा निरुपद्रवी साधन नव्हे, हे लवकरच दिसून आले. ब्रिटनचे ख्यातनाम पक्षि-छायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांना १९३७ मध्ये घुबडाच्या घरट्याजवळ चित्रे घेताना एक डोळा गमवावा लागला. पिलांच्या रक्षणासाठी मादीने केलेला तो प्रतिकार होता. माणसाला जे निरीक्षण वाटते ते पक्ष्याला आक्रमण वाटते, हे त्या घटनेने दाखवून दिले. लहान पक्षी असा प्रतिकार करू शकत नाहीत. ते मुकाट्याने घरटे सोडून जातात, एवढाच काय तो फरक.

रानपिंगळ्याची साक्ष

पक्ष्यांच्या बाबतीतील सदाचार केवळ अहिंसेपुरता मर्यादित नाही. त्यात सत्य आणि अचौर्यही येते. महाराष्ट्रातील रानपिंगळ्याची कथा याची साक्ष देते. या लहानशा घुबडाचे शास्त्रीय वर्णन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले. जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे काही नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणाच्या दृष्टीस पडल्याचा विश्वसनीय पुरावा उरला नाही. अपवाद होता तो कर्नल रिचर्ड माइनर्त्सहागेन यांच्या दाव्याचा. १९१४ साली गुजरातेत मांडवी येथे आपण हा पक्षी मिळवला, असे त्यांच्या नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहिलेले होते.

अमेरिकन शास्त्रज्ञ पामेला रॅस्मुसेन यांनी या नमुन्याची बारकाईने तपासणी केली, तेव्हा धक्कादायक सत्य बाहेर आले. तो नमुना डेव्हिडसन यांचाच होता. संग्रहालयातून चोरून, नव्याने पेंढा भरून त्यावर खोटी चिठ्ठी लावण्यात आली होती. अनेक वर्षे अभ्यासक एका असत्याच्या आधारे भलत्याच ठिकाणी शोध घेत राहिले. ती खोटी नोंद बाजूला सारून रॅस्मुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या खऱ्या नोंदींच्या स्थळी शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, ११३ वर्षांनी रानपिंगळा पुन्हा दिसला. पुढे मेळघाटात आणि तानसा परिसरातही त्याची नोंद झाली. एका खोट्या चिठ्ठीने एका जिवाचा पत्ताच पुसून टाकला होता आणि सत्यनिष्ठेने तो परत मिळवून दिला.

छायाचित्रणातही असत्याचा शिरकाव झालेला आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमतर्फे होणाऱ्या जागतिक स्पर्धेत २००९ सालच्या सर्वोच्च पारितोषिकाचे चित्र पुढच्याच वर्षी बाद करण्यात आले. कारण त्यातील लांडगा रानटी नसून माणसाळलेला असावा, असा परीक्षकांचा निष्कर्ष होता. २०१७ मध्ये गौरवलेले मुंगीखाऊ प्राण्याचे एक चित्रही पेंढा भरलेल्या प्राण्याचे असल्याच्या कारणाने २०१८ मध्ये रद्द झाले. प्रतिष्ठेचा लोभ वाढला की सत्याची किंमत कमी होते, हेच यातून दिसते.

नव्या साधनांचे नवे दोष

एकविसाव्या शतकात डिजिटल कॅमेरा सर्वसामान्यांच्या हाती आला. पूर्वी एका रोलमध्ये छत्तीस चित्रे निघत आणि प्रत्येक चित्राचा खर्च मोजावा लागे. तो खर्च हाही एक प्रकारचा संयमच होता. आता दिवसाला हजारो चित्रे काढता येतात आणि ती क्षणार्धात सर्वदूर पोहोचतात. याचा लाभ निसर्गशिक्षणाला निःसंशय झाला. शेकडो माणसे पक्ष्यांची मित्र झाली. परंतु त्याबरोबर काही दोषही आले आणि त्यांची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

पहिला दोष घरट्यापाशी गर्दी करण्याचा. कोकणात पावसाळ्यात तिबोटी खंड्या ओढ्याकाठच्या मातीत बीळ करून वीण करतो. त्याच्या रंगांचे वेड सर्वांनाच असते. नर-मादी चोचीत खेकडा किंवा पाल घेऊन येतात, पण बिळासमोर माणसे बसलेली असली की आत शिरण्याचे धाडस त्यांना होत नाही. ते दूर फांदीवर ताटकळतात आणि आत पिले उपाशी राहतात. छायाचित्रकाराला मात्र चोचीत खेकडा धरलेल्या, निश्चल बसलेल्या पक्ष्याचे सुरेख चित्र मिळते. ते चित्र सुरेख दिसते; पण तो निश्चलपणा भीतीचा असतो. घरटे नीट दिसावे म्हणून भोवतालच्या फांद्या छाटल्या किंवा बांधून बाजूला केल्या, तर ऊन, पाऊस आणि कावळे या तिघांनाही वाट मोकळी होते. टिटवीसारखे पक्षी तर उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. आईला उठवल्यावर भर उन्हात ती अंडी थोड्याच वेळात तापतात.

दुसरा दोष ध्वनिमुद्रित आवाज वाजवण्याचा. विणीच्या काळात नर आपल्या हद्दीचे रक्षण करतो. मोबाइलवर त्याच्याच जातीचा आवाज ऐकला की दुसरा नर घुसला असे समजून तो चारा-पाणी सोडून धावत येतो. न दिसणाऱ्या शत्रूशी झुंजण्यात त्याची शक्ती जाते. एका माणसाने एकदा वाजवले तर कदाचित फार बिघडणार नाही; पण एकाच जागी दररोज दहा माणसे आली, तर त्या पक्ष्याचा सारा हंगामच फसवणुकीत जातो.

तिसरा दोष आमिषाचा. घुबड वा शिकारी पक्षी हवा त्या जागी यावा म्हणून काही ठिकाणी जिवंत उंदीर सोडले जातात, तर कीटकभक्षी पक्ष्यांसाठी जिवंत अळ्या ठेवल्या जातात. येथे बंदूक नाही, रक्ताचा डागही चित्रात दिसत नाही; पण एका चित्रासाठी एका जिवाचा बळी गेलेला असतो. निसर्गात पक्षी आपले भक्ष्य स्वतः मिळवतो, त्यात माणसाचा संकल्प नसतो. आमिष ठेवण्यात मात्र तो असतो, आणि तेथेच सारा भेद आहे.

चौथा दोष पाठलागाचा. उजनीच्या जलाशयावर किंवा ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी निवांत चरत असताना त्यांच्या उड्डाणाचे चित्र मिळावे म्हणून होडी थेट थव्यात नेली, तर दूरच्या प्रवासासाठी त्यांनी साठवलेली शक्ती वाया जाते. जंगलातही तेच. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण व तिचे पाच बछडे पर्यटकांच्या वाहनांच्या मधोमध अडकले. त्याचे चित्रण सर्वत्र पसरले, वाहनचालक व मार्गदर्शकांवर निलंबनाची कारवाई झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. त्या वाहनांतील कोणाच्याही हाती शस्त्र नव्हते. बहुतेकांच्या हाती कॅमेरे आणि मोबाइलच होते.

कायदा आणि आचारसंहिता

भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे ती पुष्कळांनी वाचलेली नसते. प्राण्यास मारणे, पकडणे, जखमी करणे यांबरोबरच रानपक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे आणि त्यांची अंडी वा घरटी विचलित करणे यांचाही त्या व्याख्येत समावेश आहे. म्हणजे चित्रासाठी घरट्याला धक्का लावणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने हौशी कलावंत नसून शिकारी ठरू शकतो. अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवानगीची तरतूदही याच कायद्यात आहे. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्यानुसार विशेष संरक्षित पक्ष्यांना घरट्यापाशी त्रास देणे हा गुन्हा असून तेथे छायाचित्र घ्यायचे तर परवाना लागतो.

कायद्याखेरीज छायाचित्रकारांनी व निरीक्षकांनी आपण होऊन आचारसंहिता तयार केल्या. त्यांच्या भाषा निरनिराळ्या असल्या तरी सार एकच आहे : प्राण्याचे हित चित्राहून मोठे. अमेरिकन बर्डिंग असोसिएशनच्या संहितेत ध्वनिमुद्रित आवाजाच्या वापरावर मर्यादा सांगितली आहे. दुर्मीळ पक्ष्याचे नेमके ठिकाण जाहीर न करण्याचा संकेतही आता जगभर पाळला जातो.

कृत, कारित आणि अनुमोदित

या साऱ्या नियमांचा विचार करताना श्रावकाचारातील काही संज्ञा सहजच आठवतात. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. यांपैकी अन्नपाननिरोध, म्हणजे जिवाच्या अन्नपाण्यात अडथळा आणणे, याचा विचार आजवर बहुधा गोठ्यातील गायीबैलांच्या संदर्भात होत आला. तिबोटी खंड्याच्या बिळासमोर तासन्‌तास मांडलेली बैठक हाही अन्नपाननिरोधच होय. पक्ष्याला मारण्याचा हेतू नव्हता, हे उत्तर येथे पुरेसे नाही. कारण प्रमादाने, बेफिकिरीने घडलेली पीडा हीदेखील हिंसाच मानली गेली आहे.

दुसरी संज्ञा कृत, कारित आणि अनुमोदित ही. स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे आणि केलेल्याची प्रशंसा करणे, या तिन्हींनी कर्माचा बंध होतो. घरट्यापाशी बसणारा छायाचित्रकार हा कृत दोषाचा धनी. ‘जवळ न्या, पक्षी उडवा’ असा आग्रह होडीवाल्याला किंवा मार्गदर्शकाला करणारा पर्यटक हा कारित दोषाचा. आणि पिलांना भरवणाऱ्या पक्ष्याचे चित्र पाहून, ते कसे मिळाले याची विचारपूस न करता वाहवा करणारे, ते दिनदर्शिकेवर छापणारे, स्पर्धेत बक्षीस देणारे, हे अनुमोदनाचे भागीदार. पिसांच्या टोप्या नाकारणाऱ्या स्त्रियांनी हेच सूत्र आपल्या परीने अंगीकारले होते. समाजातील संस्था दरवर्षी दिनदर्शिका, आमंत्रणपत्रिका आणि स्मरणिका छापतात. बालकांसाठी छायाचित्र-स्पर्धाही भरवतात. अशा प्रसंगी घरट्याचे, अंड्यांचे वा आमिष दाखवून घेतलेले चित्र स्वीकारले जाणार नाही, एवढा एक नियम केला तरी त्याचा परिणाम दूरवर जाईल. मागणीच नसेल तर असे चित्र काढण्याचा मोहही उरणार नाही.

व्यक्तिगत पातळीवरही पाळण्याजोगे नियम थोडे आणि सोपे आहेत. पक्ष्याने चरणे थांबवले, मान वर केली किंवा भयसूचक आवाज काढला, की आपण फार जवळ आलो असे समजून मागे सरावे. घरटे आढळल्यास क्षणभर पाहून निघून जावे व त्याचा ठावठिकाणा इतरांना सांगू नये. आवाज वाजवू नये, आमिष ठेवू नये, फांदी तोडू नये. निशाचर प्राण्यांच्या डोळ्यांवर तीव्र प्रकाश टाकू नये. चित्राखाली खरे तेच लिहावे. पाळीव प्राण्याला रानटी म्हणू नये. मुलांना प्रथम डोळ्यांनी पाहण्याची, कानांनी ऐकण्याची व वहीत टिपण्याची सवय लावावी; कॅमेरा त्यानंतर द्यावा. किहीमच्या आडोशात बसलेल्या सालिम अलींचे मुख्य साधन धीर हेच होते, हे त्यांना आवर्जून सांगावे.

गेल्या दोनशे वर्षांत माणसाच्या हातातून बंदूक सुटली, ही लहान गोष्ट नव्हे. ह्यूम, सेलस, चँपियन यांच्यासारख्या माणसांना ती सोडण्यासाठी आपल्याच काळाच्या रूढीविरुद्ध जावे लागले. आजच्या पिढीपुढील त्याग तुलनेने लहान आहे. तिला केवळ एखादे चित्र सोडायचे आहे. पण तेही सोपे नाही. कारण चित्र हाही परिग्रह होऊ शकतो आणि त्याची हाव संग्रहालयांची कपाटे भरणाऱ्यांच्या हावेपेक्षा वेगळी नसते. समोर दुर्मीळ पक्षी आहे, हाती उत्तम कॅमेरा आहे, आणि तरीही पिलांची भूक ओळखून जो कॅमेरा खाली ठेवून परत फिरतो, त्याच्याजवळ दाखवायला चित्र नसते. त्याच्यामागे बिळातील पिलांना मात्र घास मिळतो.